लायब्ररी (संगणनशास्त्र)

संगणनशास्त्रात लायब्ररी म्हणजे वारंवार लागणाऱ्या कामांसाठी आधीच लिहून व तपासून ठेवलेला, कोणत्याही नव्या प्रोग्रॅमला जोडता येणारा कोडचा संच होय. वर्गमूळ काढणे, तारखांमधील अंतर मोजणे, फाइलचा आकार लहान करणे अशी कामे त्यामुळे प्रत्येकाला नव्याने लिहावी लागत नाहीत. लायब्ररी सहसा स्वतःहून चालत नाही. मुख्य प्रोग्रॅम तिच्यातील फंक्शन वापरतो आणि उत्तर घेऊन आपले काम पुढे चालू ठेवतो.

इतिहास

हे नाव सुरुवातीला बरेचसे शब्दशः लागू होते. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या संगणकावर पहिला प्रोग्रॅम मे १९४९ मध्ये चालला. त्याच्यासाठी लिहिलेली सबरूटीन छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर कपाटात ठेवलेली असत. हवी ती फीत काढायची, तिच्यावरील छिद्रे यंत्राने आपल्या प्रोग्रॅमच्या फितीवर उतरवून घ्यायची आणि मूळ फीत जागेवर ठेवायची, अशी पद्धत होती. १९५१ पर्यंत या संग्रहात ८७ सबरूटीन जमा झाली होती. त्याच वर्षी मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनली गिल यांचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. सबरूटीनचे काम संपल्यावर प्रोग्रॅममध्ये योग्य ठिकाणी परतण्याची व्हीलर यांची युक्ती 'व्हीलर जंप' म्हणून ओळखली जाते.

जोडणी

स्थिर जोडणीत लायब्ररीचा आवश्यक भाग प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच समाविष्ट होतो. गतिशील जोडणीत लायब्ररी वेगळी राहते व प्रोग्रॅम चालताना स्मृतीत आणली जाते. विंडोजमधील 'डीएलएल' फाइल याच प्रकारच्या. दुसऱ्या पद्धतीत जागा वाचते आणि एका ठिकाणी केलेली दुरुस्ती अनेक प्रोग्रॅमना मिळते. मात्र नवी आवृत्ती जुन्या प्रोग्रॅमशी जुळली नाही, तर चालू असलेला प्रोग्रॅमही बंद पडू शकतो.

अवलंबित्व

एक लायब्ररी दुसरीवर, दुसरी तिसरीवर अवलंबून असते. ही साखळी किती लांब आहे, हे वापरणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. २२ मार्च २०१६ रोजी नावाच्या वादातून एका विकसकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट संग्रहातून आपली सर्व मॉड्यूल काढून घेतली. त्यांत 'लेफ्ट-पॅड' हे अवघ्या ११ ओळींचे मॉड्यूल होते. मजकुराच्या डावीकडे ठरावीक लांबीपर्यंत रिकाम्या जागा किंवा चिन्हे भरणे, एवढेच त्याचे काम. पण बेबलसारखी बहुवापरातील साधने त्यावर अवलंबून असल्याने असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली. एनपीएमने काही तासांतच ते मॉड्यूल पुन्हा उपलब्ध केले आणि पुढे मॉड्यूल काढून घेण्याचे नियम कडक केले.

डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेला 'लॉग४जे' या जावा लायब्ररीतील दोष याहून गंभीर होता. त्याचा फायदा घेऊन दूरवरून दुसऱ्याच्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत असे. दुरुस्त आवृत्ती लवकरच आली. तरीही अनेक संस्थांना ही लायब्ररी आपल्याकडे नेमकी कोठे आहे हेच आधी शोधावे लागले, कारण पुष्कळदा ती त्यांनी स्वतः निवडलेली नव्हती, तर निवडलेल्या दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरसोबत आलेली होती.