हातसडीचा तांदूळ : जपानपासून वर्ध्यापर्यंत

गेल्या उन्हाळ्यात एक निवृत्त शिक्षिका तपासणीसाठी आल्या. वय बासष्ट, मधुमेह दहा वर्षांचा. रिपोर्टची फाईल त्यांनी माझ्यापुढे कौतुकानं उघडली. शुगर छान, वजन सात किलो कमी. वर्षभर त्या 'जपानी आहार' घेत होत्या. ब्राऊन राईस, वाफवलेल्या भाज्या, सोयाबीन आणि मुलानं ऑनलाईन मागवून दिलेल्या मिसोचं सूप. दूध, दही, ताक पूर्ण बंद, कारण व्हिडिओत तसं सांगितलं होतं. उठता उठता म्हणाल्या, "डॉक्टर, हल्ली पायाला मुंग्या येतात. चप्पल निसटली तरी कळत नाही."

मधुमेहातही असं होतं, पण मी बी १२ तपासायला सांगितलं. ते अगदी तळाला गेलेलं होतं.

बाईंना रागावण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी सोडलेल्या बऱ्याच गोष्टी मीच वर्षानुवर्षं सोडायला सांगत होतो. पण हा आहार आला कुठून, त्यात खरं किती आणि चूक कुठं, हे तुम्हालाही माहीत असावं म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

सुरुवात एका जहाजावर होते. १८८३ साली जपानी आरमाराचं 'र्‍युजो' हे प्रशिक्षण जहाज न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका करत परतलं. जहाजावर ३७६ माणसं होती. त्यांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ दगावले. पाय सुजतात, बधिर होतात, हृदय थकतं, असा हा आजार. ताकाकी कानेहिरो हे लंडनमध्ये शिकून आलेले आरमारी डॉक्टर. आजार जेवणातून येतो, हे त्यांनी ओळखलं. खलाशांना सरकारकडून पांढरा शुभ्र तांदूळ मिळे आणि गरिबाघरच्या पोरांना तो चैनीचा वाटे, म्हणून ते भातच भात खात. पुढच्या वर्षी त्याच मार्गावर 'त्सुकुबा' जहाज पाठवलं गेलं, पण जेवणात मांस, डाळी, पाव, दूध घालून. या वेळी बेरीबेरीनं एकही मृत्यू झाला नाही. नंतर भातात सातू मिसळायची पद्धत आरमारात पडली.

गंमत म्हणजे ताकाकींचं कारण चुकलं होतं. प्रथिनं कमी पडतात, असं त्यांना वाटत होतं. खरी कमतरता होती ब १ जीवनसत्त्वाची. तांदूळ पॉलिश करताना कोंड्याबरोबर तेच निघून जातं. जावा बेटावर डच डॉक्टर आईकमन यांनी कोंबड्यांवर प्रयोग केले, जपानच्या सुझुकी उमेतारो यांनी १९१० साली कोंड्यातून अर्क काढला, आणि मग कुठे उलगडा झाला. तोवर जपानी लष्करातल्या डॉक्टरांनी आरमाराचं ऐकलं नव्हतं. आजार जंतूंमुळेच, हा त्यांचा हट्ट. १९०४-०५ च्या रशियाबरोबरच्या युद्धात बेरीबेरीनं जपानचे २७ हजारांच्या आसपास सैनिक मेले. आम्हा डॉक्टरांचा हट्ट किती महाग पडतो, याचं इतकं ठळक उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

याच काळात इशिझुका सागेन हे लष्करातलेच एक डॉक्टर वेगळं सांगत होते. धान्य कोंड्यासकट खा, आपल्या मातीत आणि आपल्या ऋतूत पिकतं ते खा, साखर कमी करा. सोडियम आणि पोटॅशियमच्या तोलावर त्यांनी आरोग्याचा पूर्ण सिद्धांत उभारला. तो टिकला नाही, पण सल्ला बराचसा चांगला होता. त्यांच्या परंपरेतले जॉर्ज ओहसावा यांनी सोडियम-पोटॅशियमच्या जागी यिन-यांग आणलं आणि आहाराला 'मॅक्रोबायोटिक' हे नाव दिलं. हा शब्दही जपानी नव्हे. हुफेलांड नावाच्या जर्मन डॉक्टरनं अठराव्या शतकाच्या अखेरीस दीर्घायुष्यावरच्या पुस्तकात तो वापरला होता.

आता वर्ध्याला येऊ. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, त्याचं काम सुरू झालं आणि जे. सी. कुमारप्पा चिटणीस झाले. लाकडी घाणी, गूळ, हातकागद, मधमाश्या आणि हातसडीचा तांदूळ हे तिथले विषय. गिरणीतला पांढरा तांदूळ माणसाचं पोषण काढून घेतो आणि कांडप करणाऱ्या बायकांची मजुरीही, हा त्यांचा दुहेरी मुद्दा होता. गांधीजींनी डॉक्टरांची मतं मागवली, 'हरिजन'मधून त्यावर लिहिलं. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅककॅरिसन उंदरांना वेगवेगळ्या प्रांतांचं जेवण देऊन हेच तपासत होते. आपल्याकडे बेरीबेरी मुख्यतः आंध्रच्या किनाऱ्यावर दिसे, कारण तिथं कच्चा, गिरणीचा तांदूळ खात. उकडा तांदूळ खाणारे वाचत. साळ उकडताना ब १ दाण्याच्या आत मुरतं आणि पॉलिशमध्येही बरंचसं टिकतं. कोकणातल्या आजीची पेज उकड्या तांदळाची असते, तिच्यामागे असं शास्त्र आहे.

१९३५ साली मगनवाडीच्या पंगतीत सोयाबीनही आलं. जपानी स्वयंपाकाचा जो कणा, मिसो आणि तोफू ज्याचं होतं, तेच हे कडधान्य. जपानशी वर्ध्याचा आणखी एक धागा आहे. फुजी गुरुजी हे जपानी भिक्षू १९३३ साली तिथं गांधीजींना भेटले आणि त्यांच्यामुळे आश्रमाच्या प्रार्थनेत जपानी मंत्र आला. आहाराशी त्याचा संबंध नाही, पण सांगितल्यावाचून राहवलं नाही.

माझ्या पेशंट बाईंसाठी या इतिहासातला सर्वात महत्त्वाचा भाग दुधाचा आहे. गांधीजींनी १९१२ साली दूध सोडलं. १९१८ मध्ये ते अतिसारानं इतके खंगले की मरणाच्या दारात पोचले. तरी व्रत मोडायला तयार नव्हते. शेवटी कस्तुरबांनी सुचवलं की व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती, तर शेळीचं दूध घ्यायला काय हरकत? १९१९ साली त्यांनी ते घेतलं. व्रताचं अक्षर पाळलं, आशय मोडला, ही बोच त्यांना कायम राहिली. पुढे पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर लिहितानाही, दुधाला वनस्पतींमधला पर्याय आपल्याला सापडलेला नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केलं. त्या वेळी बी १२ कुणालाच माहीत नव्हतं. ते वेगळं काढलं गेलं १९४८ साली. प्राण्यांपासून येणारं काहीच न खाणाऱ्याला बी १२ गोळीतून, इंजेक्शनातून किंवा ते वरून मिसळलेल्या पदार्थांतून घ्यावं लागतं. मिसो किंवा समुद्री शेवाळाच्या भरवशावर राहता येत नाही. त्यात तुम्ही मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल, तर त्यानंही बी १२ कमी होतं. बाईंच्या बाबतीत दोन्ही कारणं एकत्र आली होती.

ओहसावांच्या आहाराच्या दहा पायऱ्या होत्या. सर्वात कडक पायरीत फक्त धान्य. १९६५ साली अमेरिकेत न्यू जर्सीत एक तरुणी ती पाळत असताना कुपोषणानं मरण पावली. १९७१ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशननं या टोकाच्या आहाराविरुद्ध इशारा दिला. नंतर नेदरलँड्समधल्या मॅक्रोबायोटिक घरांतल्या मुलांमध्ये मुडदूस आणि बी १२ ची कमतरता आढळली. मुलांवर असले प्रयोग कृपा करून करू नका.

"पण जपानी लोक शंभर वर्षं जगतात ना?" हा प्रश्न येणारच. १९४७ साली जपानी पुरुषाचं सरासरी आयुर्मान जेमतेम ५० वर्षं होतं. जुनं जेवण तेव्हाही होतं, पण क्षयही होता आणि मीठही. मिसो, लोणची, खारवलेले मासे यांमुळे उत्तर जपानमध्ये माणशी दिवसाला २५ ग्रॅमहून जास्त मीठ पोटात जाई आणि पक्षाघातानं माणसं पटापट जात. मीठ कमी केलं, रक्तदाब तपासून औषधं दिली, जेवणात दूध-अंडी वाढली, तेव्हा आयुष्य वाढलं. भाज्या, सोयाबीन, मासे, लहान वाट्या आणि पोट थोडं रिकामं ठेवून उठणं, या चांगल्या सवयी आधीपासून होत्याच.

आपल्या सोलापूरला कोंडा काढलेल्या धान्याचा प्रश्न फारसा आला नाही, कारण इथं ज्वारी. ती कोंड्यासकट दळली जाते. मोहोळच्या केंद्रात निवडलेलं मालदांडीचं एम ३५-१ हे वाण आजही शेतात आहे आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे. मात्र नुसती भाकरीही पुरत नाही. दख्खनच्या पठारावर हैदराबादकडे नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्ये पॅलाग्रा दिसे. उन्हानं कातडी काळी पडते, जुलाब होतात, मन बिघडतं. गोपालन आणि श्रीकंटिया यांनी १९६० साली त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसीनशी जोडला. त्या कारणावर पुढे वाद झाले, पण शरीराला नायसिन कमी पडतं हे नक्की. आणि नायसिन भरपूर कशात? शेंगदाण्यात. भाकरीबरोबर शेंगाची चटणी कुणी प्रयोगशाळेत ठरवली नव्हती.

बाईंना मी बी १२ ची इंजेक्शनं सुरू केली. ब्राऊन राईस आवडत असेल तर खा म्हटलं, पण वाटीनं मोजून, कारण तोही शेवटी भातच आहे आणि शुगर वाढवतो. मिसोतलं मीठ पाहून तो आठवड्यातून एकदाच ठेवला. भाकरी, हुलगे, पालेभाजी, चमचाभर शेंगाची चटणी आणि दुपारी बिनमिठाचं ताक. त्यांनी विचारलं, "ताक चालेल? व्हिडिओत नाही म्हणालेत." मी चालेल म्हटलं. दोन महिन्यांनी मुंग्या कमी झाल्या आहेत, पण डाव्या पायाचा बधिरपणा अजून आहे. नसा सावकाश भरून येतात, काही वेळा पूर्ण येतही नाहीत. तुम्ही दूध सोडून सहा महिन्यांवर झाले असतील, तर मुंग्यांची वाट न पाहता बी १२ एकदा तपासून घ्या. आणि शुगर कितीही चांगली आली तरी गोळी मनानं बंद करू नका, आधी येऊन भेटा.