गिलावा ते जिप्सम बोर्ड

माणच्या आयटी पार्कातल्या कुठल्याही कचेरीत आतली भिंत बोटाने वाजवून पाहा. दगडविटांचा ठक् आवाज येत नाही, ढब येतो. मग ‘पुठ्ठ्याची भिंत’, ‘पोकळ काम’ असे शेरे ऐकू येतात. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा बहुतांशी याच गावच्या जमिनीवर उभा आहे. आता तीच भिंत आसपासच्या फ्लॅटमध्येही शिरली आहे. हॉलमधून एक खोली काढायची, मुलांच्या अभ्यासाला आडोसा करायचा, की लोक ‘पीओपीवाल्या’ला फोन करतात. ड्रायवॉल हा शब्द कागदावरचा. नाक्यावर तिला जिप्सम पार्टिशन म्हणतात.

पोकळ भिंत म्हणजे फसवणूक, ही समजूत मला पटत नाही. मुळशी-मावळातली जुनी घरं आठवा. कारवीच्या काठ्या विणून कूड उभा करायचा, दोन्ही अंगांनी माती-शेण लिंपायचं, वरून सारवायचं. आत सांगाडा आणि बाहेर कातडी, हीच तर ड्रायवॉलची रचना! कारवीच्या जागी पत्र्याचे स्टड आले आणि मातीच्या जागी बोर्ड आला, एवढाच फरक.

शब्दांकडे पाहिलं तर हा इतिहास आणखी मागे जातो. मराठी-उर्दू दोन्ही शिकवत असल्यामुळे असे शब्द दिसले की मला थांबावंच लागतं. ‘गिलावा’ फारसीतून आला. गिल म्हणजे चिखलमाती. ‘गच’ म्हणजे चुन्याचा किंवा जिप्समचा लेप. आपली गच्ची त्याच घरातली. मुकादम अरबी, बिगारी फारसी, तर मेस्त्री आणि कंत्राट पोर्तुगिजांकडून आलेले. एक भिंत बांधायला मराठीने किती दारं ठोठावली आहेत!

इराणच्या कोरड्या हवेत आणि स्पेनमधल्या ग्रॅनडाच्या अलहम्बरात भिंतींवरची नक्षी जिप्समची आहे. दख्खनच्या पावसात मात्र कारागिरांची भिस्त चुन्यावर राहिली. औरंगाबादचा (आताचं छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबरा पाहा. सतराव्या शतकात औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्यासाठी तो बांधला. कमरेच्या उंचीपर्यंत संगमरवर, वर घुमटाच्या पायापर्यंत गुळगुळीत गिलावा, मग पुन्हा संगमरवरी घुमट. ‘गरिबांचा ताज’ म्हणून त्याची चेष्टा होते. मला त्या गिलाव्यातच जास्त कसब दिसतं, कारण दगड मुळातच सुंदर असतो, चुन्याला कारागीर सुंदर करतो. शिवाय त्या इमारतीचा हिशेब आणि नावं, दोन्ही टिकून आहेत. गुलाम मुस्तफाच्या ‘तारीखनामा’त खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा दिला आहे. सात आण्यांसकट! आणि प्रवेशद्वारावरच्या लेखात अताउल्ला आणि हंसपतराय या दोघा रचनाकारांची नावं आहेत.

बोर्डाची गोष्ट अलीकडची. जिप्सम या खनिजाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा पाणीच असतं. सुमारे १५० अंशांवर भाजलं की त्यातलं बरंचसं पाणी उडून पांढरी भुकटी उरते, हीच पीओपी. पॅरिसजवळ जिप्समच्या मोठ्या खाणी होत्या, म्हणून ते नाव. भुकटीला पाणी दिलं की ती पुन्हा दगड होते. अमेरिकेत ऑगस्टिन सॅकेट याने १८९४ मध्ये जिप्सम आणि कागदाचे थर एकत्र करून बोर्डाचं पेटंट घेतलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे घरं भराभर हवी होती आणि गिलावा सुकेपर्यंत थांबायला वेळ नव्हता, तेव्हा बोर्ड घरोघर गेला. माणमध्येही कारण तेच: घाई. कंपनीला मजला ताब्यात मिळाला की काही आठवड्यांत माणसं बसवायची असतात आणि करार संपला की भिंती उतरवायच्या असतात. विटांच्या भिंतीला हे जमत नाही. वजनातही साध्या बोर्डाची भिंत गिलावा केलेल्या अर्ध्या विटेच्या भिंतीच्या साधारण दहाव्या हिश्श्याची, म्हणून स्लॅबवर भार कमी. आग लागली तर जिप्सममधलं पाणी वाफ होऊन निघतं आणि ज्वाळेला काही काळ थोपवतं.

पाणी मात्र या भिंतीचं वैरी आहे, आणि मुळशीचा पाऊस आपण जाणतो. म्हणून मिस्त्री ठरवताना आधी भिंत समजून घ्या. साध्या कामाला १२.५ मिलिमीटरचा बोर्ड लागतो. त्यावर आयएस २०९५ ही खूण पाहा. खाली-वर चॅनेल, मध्ये सुमारे दोन-दोन फुटांवर उभे स्टड. बोर्ड फरशीला टेकता कामा नये, बोटभर वर हवा, नाहीतर पुसण्याचं पाणी तो शोषून घेतो. न्हाणीघराशेजारी ओल सोसणारा हिरवा बोर्ड लावायचा. सांध्यावर टेप न लावता नुसती पुट्टी भरली की वर्षभरात तडा दिसतो. टीव्ही किंवा कपाट टांगायचं असेल तर त्या जागी आत प्लाय घालायला आधीच सांगा. शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येऊ नये असं वाटत असेल तर पोकळीत ग्लासवूल.

सगळ्यात जास्त भांडणं मापावरून होतात. चौरस फूट एका बाजूने मोजायचे की दोन्ही, दाराची जागा वजा करायची की नाही, दर फक्त मजुरीचा की मालासकट, हे कागदावर हवं. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. तरीही आपल्यातले पुष्कळ जण ‘ओळखीचाच आहे’ म्हणून कागद टाळतात. आगाऊ रक्कम थोडी द्यावी, पुढचे पैसे सांगाडा उभा राहिल्यावर. आणि बोर्डाने आत झाकण्याआधी सांगाडा स्वतः पाहावा, फोटो काढून ठेवावा.

आपण ज्याच्याशी बोलतो तो ठेकेदार. त्याच्याखाली मुकादम, मग मिस्त्री, मग हेल्पर. बरेचसे उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधून आलेले. अताउल्लाचं नाव दारावर राहिलं, या मुलांचं नाव मात्र हजेरीच्या वहीतही धड नसतं. १९९६ च्या कायद्यातून बांधकाम कामगारांसाठी कल्याणकारी मंडळं आली. महाराष्ट्रातल्या मंडळात नोंदणी करायची तर मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ज्याचं काम एका घरी चार दिवस, दुसऱ्या घरी सहा दिवस, त्याने तो आणायचा कुठून? ठेकेदार टाळतो. माणसारख्या गावात ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे जाता येतं, पण तिथे दाखवायला हातात काही हवं. आपल्या घरी किती दिवस काम झालं ते तारखा, पत्ता आणि सहीसह एका कागदावर लिहून द्यायला घरमालकाला पाच मिनिटं लागतात. हिशेब मिटवताना ठेकेदाराच्या हातात न देता तो कागद थेट मिस्त्रीच्या आणि हेल्परच्या हातात द्यावा.