भोंगा, पंप आणि अण्णा

सेक्रेटरी म्हणाले, "स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहा." नोंदणी, कन्व्हेयन्स, लिफ्टची दुरुस्ती हे सगळं अहवालात आलंच आहे. मी थोडं मागचं लिहिते. आपल्यातले बरेच जण ज्या गिरणगावातून डोंबिवलीला आले, तिथलं.

माझे वडील, अण्णा, परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. चाळीत आमची एक खोली. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की सगळी चाळ हलायची. घरात घड्याळ होतं, पण ते बघायची गरज कुणाला पडत नसे.

गिरणगाव मुळात एकट्या पुरुषांचं. कोकणातून, सातारा-कोल्हापुराकडून माणसं यायची, बायकामुलं गावी. १९२१ साली मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया निम्म्याहून थोड्याच जास्त होत्या. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपायचे. तरी गावकीची खोली, खानावळ, भजनी मंडळ, व्यायामशाळा यांमुळे माणूस एकटा पडत नसे. पैसा कमी होता, पण कुणीतरी आपली वाट बघतंय, हे रोज कळायचं.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पहिले काही महिने सभा, मोर्चे; अण्णा उत्साहात होते. मग सभा विरळ झाल्या, शेजारची बिऱ्हाडं गावी गेली. अण्णा गॅलरीत बसू लागले. दाढी राहायची, पेपर उघडा तसाच मांडीवर. आई मात्र डबे करून देऊ लागली. तिला बसायला फुरसतच नव्हती. मी नववीत होते. एकदा चिडून म्हणाले, "अण्णा, तुम्ही नुसते बसून असता." ते काही बोलले नाहीत. उठून आत गेले.

पुढे बी.एड.च्या काळात मारिएन्थालबद्दल वाचलं. व्हिएन्नाजवळचं हे गाव एका कापडगिरणीवर जगायचं. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल यांनी तिथल्या बेकारांचा अभ्यास केला. १९३३ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. त्यांनी पाहिलं, की पुरुष रस्त्यात पुन्हा पुन्हा थांबतात, सावकाश चालतात, बरेच जण खिशात घड्याळही ठेवत नाहीत. वाचनालयाची फी माफ झाली, वेळ भरपूर, तरी पुस्तकं नेणं जवळजवळ निम्म्यावर आलं. बायकांचा दिवस मात्र घरकामामुळे बांधलेला राहिला. याहोडाबाईंनी पुढे मांडलं, की नोकरी पगाराखेरीजही बरंच देते: दिवसाला आकार, चार माणसांची गाठ, सगळ्यांचं मिळून एक काम, समाजात ओळख आणि हाताला चाळा.

मी पुस्तक मिटलं. अण्णा आळशी नव्हते. त्यांचा भोंगा बंद पडला होता.

१९९९ साली आपली सोसायटी नोंदली गेली. तेव्हा पाणी दिवसाआड, तेही पहाटे. पंपाची चावी कुणाकडे द्यायची, यावर मीटिंगमध्ये वाद झाला आणि कुणीतरी अण्णांचं नाव सुचवलं. तेव्हापासून रोज पहाटे साडेचारला अण्णा उठून, दाढी करून, चावी घेऊन खाली. "अण्णा, पाणी आलं का?" हे चाळीस घरांनी त्यांना चौदा वर्षं विचारलं. माझ्या त्या वाक्याची माफी मी त्यांच्याकडे कधीच मागितली नाही. पण त्यांना पुन्हा ताठ चालताना पाहिलं.

अण्णा गेले. आता पंपाला सेन्सर आहे, गेटवर कॅमेरा आहे. आणि चाळीसपैकी अकरा घरांत फक्त म्हातारी माणसं आहेत. मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशी. मागच्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बाथरूममध्ये पडल्या, ते आपल्याला दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून कळलं. त्या बऱ्या झाल्या, हे आपलं नशीब.

रौप्यमहोत्सवात ज्येष्ठांना शाल-श्रीफळ जरूर देऊ. पण त्यासोबत कामही देऊ या: वाचनालयाच्या कपाटाची चावी, बागेचं पाणी, मुलांच्या पाढ्यांचा तास. आणि रोज सकाळी आठला कुणीतरी त्या अकरा दारांची बेल वाजवावी. पहिल्या महिन्याची पाळी माझी.