शिंगाळा (गोड्या पाण्यातील)

सिल्युरिफॉर्मीस गणाच्या बॅग्रिडी कुलातील मासा. शास्त्रीय नाव स्पेराटा सीनघाला. कोकणात शिंगाळा हे नाव अरिइडी कुलातील समुद्री माशांना आहे. दख्खनमध्ये ते या नदीतील माशाचे होय. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी व दक्षिण सीमेवरून भीमा वाहते. या दोन्ही नद्यांच्या खोऱ्यांत तो आढळतो.

शास्त्रीय नावातील दुसरा शब्द मूळचा मराठी आहे. विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांची १८२४ मध्ये मुंबई सरकारने सांख्यिकीय पाहणीसाठी नेमणूक केली. पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड या जिल्ह्यांत हिंडताना त्यांनी मासेही जमविले आणि १८३९ मध्ये त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. स्थानिक लोकांत रूढ असलेली नावे त्यांनी अनेक जातींना तशीच दिली. सीनघाला, गोगरा व खुदरी ही त्यांपैकीच होत. साइक्स यांनी हा मासा प्लॅटिस्टोमा प्रजातीत घातला. फ्रान्सिस डे यांच्या भारतीय माशांवरील ग्रंथात (१८७५–७८) तो मॅक्रोनीस प्रजातीत आला. पुढे मिस्टस व एओरिक्थिस या प्रजातींतून तो स्पेराटात स्थिरावला. प्रजाती बदलत गेल्या, तरी अग्रक्रमाच्या नियमामुळे मराठी शब्द मात्र टिकला.

शरीर लांबट व खवलेरहित असते. मुस्कट चमच्यासारखे पसरट असून तोंडाभोवती स्पृशांच्या (मिशांच्या) चार जोड्या असतात. पाठीवरील वसापक्षाच्या मागील टोकाशी काळा ठिपका असतो. लांबी सु. १५० सेंमी. पर्यंत वाढू शकते. हा मांसाहारी असून लहान मासे खातो. काटे कमी असल्याने मांसाला मागणी असते.

समुद्री शिंगाळ्यांत नर अंडी तोंडात उबवितो. नदीतील शिंगाळा उथळ पाण्यात तळाशी खळगा करून अंडी घालतो व पालक मासा त्यांची राखण करतो. त्यामुळे तळाची स्थिती व पाण्याची पातळी यांवर त्याची वीण अवलंबून असते. प्रवरेवरील भंडारदरा (१९२६) व गोदावरीवरील जायकवाडी (१९७६) या धरणांनी प्रवाह अडला. वाळूच्या उपशाने तळही खरवडला जातो. पाणी एकाएकी ओसरल्यास किंवा तळ उकरला गेल्यास अंड्यांचा नाश होतो. म्हणून या माशाच्या रक्षणासाठी विणीच्या हंगामात मासेमारीला आवर घालण्याबरोबरच नदीचा तळ राखणेही आवश्यक ठरते.