हाजीर मजालस

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पवन मावळातल्या एका लहानशा गावी, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात, मी एका बैठकीला बसलो होतो. लोणावळ्याहून तुंगच्या बाजूला उतरणाऱ्या डोंगरात काही वर्षांपूर्वी आम्ही दहा-बारा शहरवासीयांनी जमिनीचे तुकडे घेऊन घरे बांधली, आणि रीतीप्रमाणे आमची एक सोसायटीही स्थापन झाली. सोसायटीने कुंपण घातले. त्या कुंपणात एक जुनी पायवाट अडकली. ती वाट गावातून ओढ्याकाठच्या स्मशानाकडे जात होती.

सोसायटीच्या वतीने बोलायला मला पाठविले होते. कारण एवढेच की, इतिहासाच्या जुन्या कागदांत डोके घालण्याची मला खोड आहे आणि 'गावकऱ्यांशी तुमचे जमेल' असा माझ्या शेजाऱ्यांचा ग्रह आहे. मी मोजणीचा नकाशा उलगडला. त्यात वाट नव्हती. समोर खांबाला टेकून बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी नकाशाकडे पाहिलेसुद्धा नाही. ते म्हणाले, "सायेब, कागदावर नसंल वाट. पर माझा बाप त्याच वाटंनं गेला, अन् म्या बी त्याच वाटंनं जानार हाय."

बैठक त्या दिवशी अर्धवटच राहिली. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आले, आणि त्याच्या संगतीने या मावळाच्या इतिहासाची काही पाने मी पुन्हा चाळली. वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर ती आपल्यापुढे ठेवतो.

मावळ म्हणजे सह्याद्रीच्या पूर्व उतारावरची नद्यांची खोरी. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. एकेका खोऱ्याला तीन बाजूंनी डोंगर, मध्ये एक नदी, तिच्या काठी भाताची खाचरे आणि वर चढत गेलेला वरकस माळ. अशा मुलखात माणसाला शेजाऱ्यावाचून गत्यंतर नसते. आवणीला हात हवेत, बांध फुटला तर धावणारे पाय हवेत, पुरात अडकलेले गुरू ओढून काढायला दोर हवा. म्हणून शिवकाळाच्याही आधीपासून येथल्या तंट्यांचा निवाडा गोतसभेत होत असे. वतन कोणाचे, शीव कोठून कोठे, पाणी आधी कोणाच्या खाचरात जायचे, असे प्रश्न तेथे येत. पाटील-कुलकर्णी आणि बलुतेदार एकत्र बसत, साक्षी होत, आणि निकालाचा महजर लिहिला जाई.

या महजरांची एक गोष्ट मला नेहमी मोह घालते. तंटा काय, निकाल काय, याआधी कागदावर एक मथळा येतो : 'हाजीर मजालस'. म्हणजे सभेला कोण कोण बसले होते त्यांची नावे. खाली निशाण्या : कुणब्याचा नांगर, आणि इतरांची आपापल्या धंद्याची हत्यारे. शिवेच्या वादात महारांची साक्ष मोलाची मानीत, कारण शीव राखणे हे त्यांचेच काम. ही सभा म्हणजे रामराज्य नव्हते. तीत मान जातीप्रमाणे होता, आणि सत्य ठरविण्यासाठी माणसाला उकळत्या तेलात हात घालायला लावणारी 'दिव्ये'ही होती. परंतु निकाल कोणी दिला हे लपत नव्हते. ज्याच्या शेतावरून निकाल जायचा त्याला न्याय देणाऱ्यांची तोंडे दिसत होती.

इंग्रजी अमलात हा मथळा पुसला गेला. मोजणी आली, खातेवही आली, कोर्ट आले. शेत कसणारा एक आणि कागदावरचा मालक दुसरा, असे होऊ लागले. १८७५ साली पुणे जिल्ह्यातच सुपे येथे शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा राग मुख्यतः सावकाराच्या दस्तऐवजांवर होता. खते-पत्रे बाहेर काढून त्यांनी जाळली. आपले शेत आपल्या हातून कोठे गेले, हे त्यांनी बरोबर ओळखले होते! पुढे १८९४ साली भूसंपादनाचा कायदा झाला. सरकारने एखादे काम 'सार्वजनिक' ठरविले की गावाची संमती विचारण्याचे कारण उरले नाही. मोबदल्याचा आकडा तेवढा वादाचा विषय राहिला.

याच सुमारास मावळच्या पावसाकडे मुंबईचे लक्ष गेले. मुंबईच्या गिरण्या दूरवरून आणलेल्या कोळशावर चालत. घाटमाथ्यावर कोसळणारे पाणी अडवून नळांतून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडले तर त्यातून वीज होईल, ही जमशेटजी टाटांच्या मनातली कल्पना. ती फळाला येण्याआधीच १९०४ साली ते निवर्तले. १९१० साली कंपनी निघाली, १९११ साली लोणावळ्याच्या वळवण धरणाची पायाभरणी झाली, आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईला वीज निघाली. त्यापाठोपाठ आंदर मावळात ठोकरवाडीचे धरण झाले आणि त्याच्या पाण्यावर १९२२ साली भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. पूर्वेला वाहत जाऊन भीमेला मिळायचे ते पाणी पश्चिमेकडे उलटले. कल्पना भव्य होती, यात शंका नाही. आमच्या आजोबांच्या पिढीला तिचा अभिमान होता, आणि तो खोटाही नव्हता.

लोणावळ्याच्या दक्षिणेला डोंगर ओलांडले की मुळशीचे खोरे लागते. कंपनीची तिसरी योजना तेथली होती. पन्नासहून अधिक गावे आणि सुमारे ११ हजार माणसे त्या पाण्याखाली यायची होती. आंबेमोहर भाताच्या सुवासाचा तो मुलूख. १९२१ च्या १६ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, बाराशेंच्या घरातले मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. हत्यार नाही, मारामारी नाही. पहार चालायची तेथे माणूस बसलेला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट या पारनेरच्या विद्वानाला महाराष्ट्र 'सेनापती' म्हणू लागला तो याच लढ्यामुळे. विनायकराव भुस्कुटे गावोगाव फिरून माणसे बांधीत होते. गांधीजींनी 'यंग इंडिया'त लिहून टाटांच्या थोर घराण्याने कायद्याच्या हक्कावर न अडता या गरीब लोकांचे म्हणणे समजून घ्यावे, असे सुचविले. काही महिने काम थांबलेही. पण डिसेंबरात ते पुन्हा सुरू झाले, पुन्हा सत्याग्रह झाला, आणि बायकांसुद्धा माणसे तुरुंगात गेली.

असा लढा हरला का? सरकार आणि भांडवल बलाढ्य होते, हे उत्तर खरे, पण अपुरे आहे. मुळशीतील पुष्कळशी जमीन कागदोपत्री पुण्यात राहणाऱ्या सावकार-जमीनदारांची झाली होती. कसणारा मावळा खंड घालणारे कूळ. मालकाला जमीन म्हणजे उत्पन्न होते, आणि उत्पन्नाची किंमत रोख मिळत असेल तर त्याला धरणाचे भय कशाला? कुळाला जमीन म्हणजे घर, देव, स्मशान आणि उद्याचे पोट. तरी मोबदल्याचा मोठा वाटा जायचा मालकाकडे. तेव्हा लढा 'जमीन देणार नाही' यावरून 'भाव काय देता' यावर घसरला. वाटाघाटी करायला कागदवाले पुढे आले आणि पाण्यात जाणारे मागे राहिले. मुळशीच्या हाजीर मजालशीत ज्यांची नावे पहिली यायची, ती तेथे नव्हतीच.

अखेरीस थोडीच माणसे उरली. १९२४ साली धरणाच्या मजुरांची गाडी अडविण्यासाठी बापटांनी पिस्तूल हाती घेतले, पकडले गेले आणि सात वर्षांची शिक्षा भोगायला गेले. निःशस्त्र बसण्यापासून सुरू झालेला लढा येथवर आला, हे वाचताना आजही वाईट वाटते. धरण पुरे झाले. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर चालू झाले.

हे सारे इंग्रजांच्या काळचे म्हणून सोडून द्यावे, तर तसेही नाही. स्वातंत्र्यानंतर पवना नदीवर धरण झाले; १९७२ च्या सुमारास ते भरले. त्याच धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर शेतकरी जमले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले. शहराला पाणी हवे हे खरे. नदीकाठच्याने विचारले तर त्याला उत्तर मिळायला हवे, हेही तितकेच खरे.

२०१३ साली संसदेने नवा भूसंपादन कायदा केला आणि १८९४ चा कायदा संपला. त्या नव्या कायद्यातील 'बाधित कुटुंब' या शब्दाची व्याख्या मी मुद्दाम दोनदा वाचली. तीत मालकाबरोबर कूळ आहे आणि त्या जमिनीवर पोट असलेला शेतमजूरही आहे. मुळशीच्या मावळ्याचे नाव यादीत यायला ९० वर्षांहून अधिक काळ लागला.

असो. पंधरा दिवसांनी आमची बैठक पुन्हा बसली. या खेपेस मी नकाशा नेला नाही. खरे सांगायचे तर मुळशीचे कागद वाचल्यावर त्या नकाशाची मला थोडी लाज वाटू लागली होती. मावळात कागदाच्या जोरावर बोलणारा शहरवासी, ही भूमिका काही नवी नव्हे. वहीत हजेरी लिहिणाऱ्या तरुणाने प्रथम आम्हा सोसायटीवाल्यांची नावे घातली, मग सातबारावर नाव असलेल्यांची. मंडपाबाहेर पायरीपाशी कातकरी वस्तीतल्या दोन बायका उभ्या होत्या. लाकूडफाटा घेऊन त्या रोज त्याच वाटेने येतात-जातात. खांबाला टेकलेले ते आजोबा म्हणाले, "अरं, त्यास्नी बी आत बलाव. त्यांची बी नावं घाल."

तरुण म्हणाला, "आजा, त्यांची जमीन न्हाई."

"पाय हायत ना?"

नावे घातली गेली. कुंपण चार हात मागे घ्यावे असे त्या दिवशी ठरले. आमच्या सोसायटीत ते सर्वांनाच रुचले असे नाही. एका सभासदांनी माझ्याशी बोलणे सोडले आहे, आणि खर्चाचा वाटा अजून दोघांकडून यायचा आहे. पण दसऱ्याच्या आधी खांब हलले.

परवा वसुबारसेच्या संध्याकाळी मी त्या वाटेने ओढ्यापर्यंत जाऊन आलो. गवत अजून ओले होते. पलीकडून एक गुराखी गाय-वासरू घेऊन आला, आणि मी बाजूला होऊन त्यांना वाट दिली.