रात्रटप्पा (मोटार रॅली)

रात्रटप्पा म्हणजे मोटार रॅलीतील अंधारात पार करावयाचा स्पर्धाटप्पा होय. तो बहुधा वनातील किंवा डोंगरातील कच्च्या रस्त्यावर ठेवला जातो. बंदिस्त शर्यतमार्गावरील मोटारशर्यतीत सर्व गाड्या एकाच वेळी धावतात. रॅलीत मात्र प्रत्येक गाडी ठरावीक अंतराने एकटी सोडली जाते आणि घड्याळाविरुद्ध धावते. रात्र, सुटी खडी आणि धुके या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की चालकाला पुढचे वळण दिसेनासे होते. अशा वेळी शेजारी बसलेल्या सहचालकाने वाचलेल्या टिपणांवर गाडी चालवावी लागते. म्हणून रात्रटप्पा ही वेगाइतकीच दोन व्यक्तींमधील विश्वासाची परीक्षा मानली जाते.

प्रकार

रॅलीचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि रात्रटप्पा दोहोंत आढळतो.

१. विशेष टप्प्यांची रॅली : यात रस्त्याचा काही भाग इतर वाहतुकीस पूर्णपणे बंद केला जातो. या भागाला विशेष टप्पा म्हणतात. सर्व टप्प्यांत मिळून ज्यास सर्वांत कमी वेळ लागतो तो विजयी ठरतो. दोन विशेष टप्प्यांमधील खुल्या रस्त्यावर स्पर्धकांना सामान्य वाहतुकीचे नियम पाळावे लागतात.

२. वेळ-वेग-अंतर रॅली (टीएसडी) : ही खुल्या रस्त्यावर, कायदेशीर वेगमर्यादेत होते. आयोजकांनी दिलेला सरासरी वेग अचूक राखणे हे तिचे उद्दिष्ट असते. उदाहरणार्थ, १४.६ किलोमीटर अंतर ताशी ३६ किलोमीटर या सरासरीने कापावयाचे असेल, तर गाडी २४ मिनिटे २० सेकंदांनी तपासणी नाक्यावर पोहोचली पाहिजे. उशीर झाल्यास दंडगुण मिळतात, लवकर पोहोचल्यासही मिळतात. नाके कोठे आहेत हे स्पर्धकांस आधी सांगितले जात नाही.

दुसऱ्या प्रकारात मार्ग दाखवण्यासाठी मार्गपुस्तिका दिली जाते. तिच्यातील प्रत्येक फाट्याची छोटी रेखाकृती 'ट्यूलिप' या नावाने ओळखली जाते. हे नाव नेदरलँड्समधील ट्यूलिप रॅलीवरून पडले. रात्री ही पुस्तिका सहचालक लहान दिव्याच्या प्रकाशात वाचतो. त्या दिव्याचा उजेड चालकाच्या डोळ्यांवर पडू नये, याची काळजी घेतली जाते.

इतिहास

माँटे कार्लो रॅली १९११ साली सुरू झाली. आल्प्स पर्वतातील तुरिनी खिंडीतून रात्री जाणारा तिचा टप्पा विशेष प्रसिद्ध झाला. गाड्यांच्या दिव्यांचे झोत अंधार कापत जातात, म्हणून त्या रात्रीस 'सुऱ्यांची रात्र' अशा अर्थाचे नाव पडले.

कच्च्या वनरस्त्यांवरील टप्प्यांना ब्रिटनमधील आरएसी रॅलीने प्रतिष्ठा मिळवून दिली. १९६० साली या रॅलीत स्कॉटलंडमधील एका वनरस्त्याचा प्रथम उपयोग झाला. १९६१ पासून तेथील वनखात्याच्या परवानगीने असे अनेक रस्ते खुले झाले. हे रस्ते सार्वजनिक नसल्यामुळे ते बंद करणे सोपे होते आणि वेगाची खरी कसोटी लावता येत होती. जागतिक रॅली अजिंक्यपद मालिका १९७३ साली सुरू झाली.

रात्रटप्प्यात दिव्यांचे महत्त्व किती असते, हे १९६६ च्या माँटे कार्लो रॅलीने दाखवून दिले. त्या वर्षी पहिल्या तीन क्रमांकांवर आलेल्या मिनी कूपर गाड्या पुढील दिव्यांच्या बल्बविषयीच्या नियमावरून बाद ठरवल्या गेल्या. चौथ्या क्रमांकाची फोर्ड गाडीही त्याच कारणाने बाद झाली आणि विजेतेपद सित्रोएन गाडीतील पाउली तोइवोनेन यांना मिळाले. हा निर्णय दीर्घकाळ वादग्रस्त राहिला.

भारत व महाराष्ट्र

मुंबईचा आंतरराष्ट्रीय रॅलीशी ठळक संबंध १९६८ साली आला. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून निघालेल्या लंडन-सिडनी मॅरेथॉनमध्ये ९८ मोटारी होत्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तान ओलांडून त्यांपैकी ७२ मोटारी मुंबईस पोहोचल्या. तेथून 'चुसान' या जहाजातून त्या ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरात नेण्यात आल्या. ही स्पर्धा रात्रंदिवस चालत असल्याने एक चालक झोपे व दुसरा गाडी चालवी. अंतिम विजय अँड्र्यू कोवन यांच्या संघाने हिलमन हंटर गाडीतून मिळवला.

१९८० साली मुंबईचे नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने हिमालयन रॅली सुरू झाली. देशातील मोटारक्रीडेचे नियमन १९७१ साली स्थापन झालेला भारतीय मोटारक्रीडा मंडळांचा महासंघ (एफएमएससीआय) करतो. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद मालिका १९८८ पासून होत आली आहे. महाराष्ट्रात नाशिक हे तिचे प्रमुख केंद्र राहिले असून तेथील फेरी 'रॅली ऑफ महाराष्ट्र' या नावाने ओळखली जाते. कर्नाटकातील चिकमगळूर येथे टप्पे कॉफीच्या खाजगी मळ्यांतील मातीच्या रस्त्यांवर होतात. सावली, ओलावा व अरुंद वाटा यांमुळे ते वनटप्प्यांच्या जवळ जातात. भारतीय रॅलीचालकांपैकी गौरव गिल यांनी २०१३, २०१६ व २०१७ साली आशिया-पॅसिफिक रॅली अजिंक्यपद जिंकले. २०१९ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. हा सन्मान मिळवणारे ते पहिले मोटारक्रीडापटू ठरले.

मुंबईत १९१९ साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही संस्था हौशी चालकांसाठी, विशेषतः महिलांसाठी, वेळ-वेग-अंतर प्रकारच्या रॅली भरवत आली आहे.

रायगड किनाऱ्यावरील भूमी व हवामान

रायगड जिल्ह्याचे (१९८१ पूर्वीचे नाव कुलाबा) किनारी तालुके म्हणजे उरण, अलिबाग, मुरूड, म्हसळा व श्रीवर्धन. धरमतर, रेवदंडा, राजपुरी व बाणकोट या खाड्यांनी हा किनारा तुकड्यातुकड्यांत विभागला आहे. त्यामुळे रस्ते सरळ जात नाहीत. खाडीला वळसा घालत ते टेकड्यांवर चढतात व पुन्हा भातखाचरांत उतरतात. मुख्य मार्ग डांबरी असले, तरी आतील वाड्यांकडे व वनाकडे जाणाऱ्या वाटा मुरूम, खडी किंवा तांबड्या मातीच्या असतात.

रस्त्याचा पृष्ठभाग ऋतूप्रमाणे बदलतो. माथ्यावरील सड्यांवर जांभा दगड असतो आणि त्याची माती उन्हाळ्यात पिठासारखी बारीक धूळ होते. जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या काळात हीच माती निसरडी होते. मुरूम पाण्याचा निचरा चांगला करतो, पण त्याचे सुटे खडे चाकाखाली गोट्यांसारखे फिरतात.

धुकेही दोन प्रकारचे असते. पावसाळ्यात ढग खाली उतरून सह्याद्रीच्या घाटांना व उंच टेकड्यांना झाकतात. हिवाळ्यात निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते, तेव्हा खाड्यांच्या काठी व भातखाचरांवर उत्तररात्री धुके साचते. हे दुसरे धुके सखल भागांत थांबते. म्हणून चढावर स्वच्छ दिसणारा रस्ता उतार संपताच एकाएकी नाहीसा होतो. चालकास हा बदल सतत धुक्यापेक्षा अधिक फसवा ठरतो.

कच्च्या रस्त्यावरील गाडीचे वर्तन

सुट्या खडीवर चाकाची पकड डांबरापेक्षा पुष्कळ कमी असते. पहिली गाडी वरची खडी बाजूस सारते व खालचा घट्ट थर उघडा पडतो. मागून येणाऱ्यांस त्याचा लाभ होतो, पण खोल चाकोऱ्यांचा व वर आलेल्या दगडांचा त्रासही होतो. कोरड्या रात्री वारा नसेल तर उडालेली धूळ झाडांमध्ये लोंबकळत राहते. तिचा परिणाम धुक्यासारखाच असल्याने दोन गाड्यांमधील अंतर वाढवले जाते.

ब्रेक लावून थांबण्याचे अंतर हा येथील कळीचा प्रश्न आहे. घर्षणांक ०.४ व चालकाचा प्रतिक्रियाकाल १ सेकंद धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाच्या गाडीस थांबण्यास सुमारे ५२ मीटर लागतात. ताशी ८० किलोमीटर वेगास हे अंतर सुमारे ८५ मीटर होते. भारतीय हवामान खात्याच्या वर्गीकरणात दृश्यमानता ५० ते २०० मीटरच्या दरम्यान असेल तर धुके दाट व ५० मीटरपेक्षा कमी असेल तर अतिदाट समजले जाते. अर्थात अतिदाट धुक्यात ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा चालक दिसलेल्या अडथळ्यापाशी थांबू शकत नाही.

प्रकाशयोजना

धुक्यातील जलबिंदू प्रकाश परत चालकाच्या डोळ्यांकडे फेकतात. त्यामुळे उंचावर बसवलेल्या प्रखर दिव्यांनी समोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्याचे दिवे खाली, बंपरजवळ बसवतात. त्यांचा झोत रुंद व सपाट असतो आणि रस्त्याच्या कडा दाखवतो. दूरचे दिवे स्वच्छ हवेत उपयोगी पडतात. रात्रटप्प्यासाठी बॉनेटच्या पुढे दिव्यांची स्वतंत्र पट्टी लावली जाते व धुक्यात तिचा काही भाग बंद केला जातो. पिवळा प्रकाश धुके भेदतो अशी समजूत रूढ आहे. वास्तविक जलबिंदू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असल्याने रंगाने विखुरण्यात फारसा फरक पडत नाही. पिवळ्या दिव्याचा लाभ मुख्यतः डोळे कमी दिपण्यापुरता असतो.

चालक व सहचालक

विशेष टप्प्यांच्या रॅलीत स्पर्धेपूर्वी मर्यादित वेगाने मार्गाची पाहणी करू देतात. हिला रेकी म्हणतात. तीत चालक प्रत्येक वळणाचे वर्णन सांगतो व सहचालक ते लिहून घेतो. या टिपणांस 'पेस नोट्स' म्हणतात. एका प्रचलित पद्धतीत वळणांना १ ते ६ असे अंक देतात. त्यात १ म्हणजे अतिशय तीव्र व ६ म्हणजे जवळपास सरळ. 'डावे ४, ६० मीटर, चढ, उजवे २, आतून कापू नये' अशा स्वरूपाची ती भाषा असते. टिपण एक वळण आधी वाचावे लागते. फार लवकर वाचल्यास चालक विसरतो, उशिरा वाचल्यास वळण निघून जाते. एक ओळ चुकली तर पुढचा सगळा क्रम चुकतो.

रेकी दिवसा झाली असेल, तर रात्री ओळखीच्या खुणा उपयोगी पडत नाहीत. म्हणून अनुभवी जोडी झाडाझुडपांऐवजी पूल, मोऱ्या व उंचवटे अशा टिकणाऱ्या खुणा नोंदवते आणि दव व धुके साचण्याच्या सखल जागा वेगळ्या चिन्हाने दाखवते. डोळ्यांवर विसंबून राहणारा चालक धुक्यात वेग कमी करतो. ऐकण्याची सवय असलेला चालक टिपणे खरी आहेत या विश्वासावर वेग राखतो.

सुरक्षितता

टिपणे रस्त्याचे वर्णन करतात, रस्त्यावर कोण येईल हे ती सांगू शकत नाहीत. रात्रटप्प्याची सर्वांत मोठी मर्यादा हीच आहे. गाडीत संरक्षक पिंजरा, अनेक पट्ट्यांचा आसनबंध, शिरस्त्राण, मानेचा आधार व अग्निशामक यांमुळे स्पर्धकांचे बऱ्याच अंशी रक्षण होते. रस्त्यावरच्या माणसाला असे कोणतेही कवच नसते. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय मालिकेच्या फेरीत स्पर्धामार्गावर आलेल्या दुचाकीस स्पर्धक गाडीची धडक बसून एकाच कुटुंबातील तिघांचा मृत्यू झाला. ती फेरी रद्द करण्यात आली.

त्यामुळे टप्प्यास मिळणारा प्रत्येक फाटा, पायवाट व शेतवाट यांवर स्वयंसेवक ठेवणे, स्पर्धेपूर्वी मार्ग तपासणारी 'शून्य क्रमांकाची गाडी' सोडणे व शेवटी मार्ग मोकळा झाल्याची खात्री करणारी गाडी पाठवणे ही आयोजकांची प्राथमिक कर्तव्ये मानली जातात. अपघातग्रस्त जोडीने मागे त्रिकोणी चिन्ह ठेवावे व मदतीची गरज आहे की नाही हे दर्शवणारा फलक पुढच्या गाडीस दाखवावा, असा नियम आहे. मदतीचा फलक पाहणाऱ्याने स्पर्धा सोडून थांबलेच पाहिजे.

कोकणात रात्रीचा रस्ता रिकामा असतो असे गृहीत धरता येत नाही. पहाटे मासळीबाजारास निघालेल्या कोळणी, दूधवाले, रात्रपाळीचे कामगार आणि रस्त्यावर बसलेली गुरे नेहमीचीच असतात. शिमग्याच्या दिवसांत ग्रामदेवतेची पालखी रात्री गावोगाव फिरते. म्हणून स्पर्धेची तारीख ठरवण्यापूर्वी ग्रामपंचायतींशी बोलणे ही औपचारिकता नसून सुरक्षिततेचाच भाग आहे.

कायदा व पर्यावरण

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी मोटारींची शर्यत किंवा वेगचाचणी भरवणे व तीत भाग घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास ३ महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

मुरूड व रोहा परिसरातील फणसाड अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. ते पूर्वी जंजिरा संस्थानच्या नवाबाचे शिकारीचे वन होते. तेथे शेकरू, बिबट्या व अन्य वन्यजीव आढळतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यातील प्रवेश परवानगीच्या अधीन असतो. प्रखर दिव्यांनी प्राणी दिपून जागीच थांबतात व रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांस धोका अधिक असतो. या कारणांनी संरक्षित वनात रात्रटप्पा ठेवणे अनुचित ठरते. त्याऐवजी खाजगी बागायती व मळ्यांतील रस्ते, किंवा खुल्या रस्त्यांवर कमी सरासरीची वेळ-वेग-अंतर स्पर्धा, हे पर्याय योग्य समजले जातात.

हेही पाहा

मोटारक्रीडा
हिमालयन रॅली
फणसाड अभयारण्य
रायगड जिल्हा