म्यानाचे कातडे : दख्खनमधील चामड्याची निवड, खरेदी आणि कारागीर

प्रस्तावना

मराठ्यांच्या शस्त्रांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. तलवारीचे पाते, त्याचे पोलाद, मुठीची घडण, त्यावरील नक्षी व लेख यांची चर्चा त्यात तपशिलाने येते. म्यानाचा उल्लेख मात्र बहुधा एखाद्या ओळीत आटोपतो, आणि त्या ओळीतही मखमल, चांदीचे काम किंवा मोहनाळ-तहनाळ, म्हणजे म्यानाच्या तोंडाचे व टोकाचे धातूचे वेष्टण, यांचीच दखल असते. ज्या कातड्याने पाते झाकले जाई ते कोणत्या जनावराचे, कोणी कमावलेले आणि कोणाकडून घेतलेले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पाते शतकानुशतके टिकते, कातडे झिजते आणि बदलले जाते, हे या उपेक्षेचे एक कारण होय. दुसरे कारण सामाजिक आहे. पाते धारण करणाऱ्याचे नाव कागदोपत्री आले, कातडे हाताळणाऱ्याचे आले नाही.

प्रस्तुत निबंधात पेशवाईच्या अस्तापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या दख्खनमधील म्यानाच्या, विशेषतः सुरी, कट्यार व खंजीर यांसारख्या आखूड शस्त्रांच्या म्यानाच्या, चामड्याचा विचार केला आहे. म्यान करणाऱ्या कारागिराला चामड्याची उत्तम पारख असे, परंतु त्याची निवड कधीच पूर्णपणे त्याच्या हाती नव्हती. गावगाड्यातील हक्क, दुष्काळ, निर्यात आणि कायदे यांनी त्या निवडीच्या मर्यादा आखून दिल्या होत्या.

म्यानाला कोणते चामडे लागते

तलवारीचे म्यान बहुधा लाकडाच्या दोन पातळ फळ्या जोडून केले जाई व त्यावर चामडे किंवा कापड चढविले जाई. येथे चामड्याचे काम आवरणाचे असल्याने ते पातळ, घट्ट पोताचे आणि ताणून बसणारे असावे लागे. शेळीचे कातडे त्याला योग्य ठरे. आखूड सुरीचे म्यान पुष्कळदा लाकडाविना, निव्वळ चामड्याचेच असे. तेथे मात्र ताठपणा आवश्यक होता. धार आतून चामडे कापते, टोक तळाशी टोचते, आणि कमरेला लावलेले म्यान बसता-उठता वाकते. म्हणून गाय-बैलाचे मध्यम जाडीचे चामडे अधिक उपयोगी पडे. म्हशीचे कातडे जाड खरे, पण त्याचे पोत सैल असते. ते वहाणेच्या तळव्याला, मोटेला चांगले. बारीक शिवणीच्या कामाला तितकेसे नाही.

एकाच कातड्याचे सर्व भाग सारखे नसतात, ही या पारखीतील मुख्य गोष्ट होय. पाठीचा व पुठ्ठ्याचा भाग घट्ट असतो, पोटाकडचा सैल व ताणला जाणारा. पोटाच्या चामड्याचे म्यान काही महिन्यांत ढिले पडते आणि सुरी आपोआप बाहेर सरकू लागते. आता दख्खनमधील जनावर हे प्रामुख्याने कष्टाचे जनावर होते. बैलाच्या मानेवर जू घासून घट्टे पडलेले, पुठ्ठ्यावर पराणीच्या टोचण्याचे व्रण, कातडीवर डागण्याच्या खुणा, गोचिडांनी केलेली बारीक छिद्रे. म्हणजे जो भाग उत्तम तोच बहुधा जखमांनी भरलेला! सोलताना सुरी चुकून आत गेली तर त्या चिराही कमावल्यानंतरच दिसत. मोट करणाऱ्याला मोठे सलग कातडे लागत असल्याने हे दोष त्याला फार भोवत. सुरीच्या म्यानाला वीतभर किंवा थोडा अधिक तुकडा पुरतो, तेव्हा दोष टाळून कापता येई. किंबहुना मोठ्या कामातून उरलेल्या तुकड्यांतून हे काम भागविणे सोयीचे होते.

कमावण्याची रीत आणि पारख

दख्खनमध्ये कातडे कमावण्याचे काम मुख्यत्वे ढोर समाजाकडे होते, तर कमावलेल्या चामड्याच्या वस्तू चांभार करीत. बाराव्या शतकातील शरणांपैकी कक्कय्य यांच्याशी ढोर समाज आपले नाते सांगतो. जीन करणारे ते जिनगर. हा शब्द फारसीतून आलेला असून घोड्याच्या साजाबरोबर म्यानासारखी कामेही त्यांच्याकडे येत. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरच्या काळापर्यंत जिनगर अनेक व्यवसायांत विखुरले होते व चामड्याचे काम त्यांपैकी एक उरले होते.

कच्चे कातडे प्रथम चुन्याच्या कुंडात ठेवून त्याचे केस सैल करीत, रापीने केस व मांस काढीत आणि धुऊन चुना घालवीत. पुढचे काम बाभळीच्या सालीचे व हिरड्याचे. कोल्हापूर भागात प्रसिद्ध असलेल्या रीतीत कातड्याच्या कडा शिवून त्याची पिशवी करतात, तीत कुटलेली साल व हिरडा भरतात, पाणी ओततात आणि पिशवी टांगून ठेवतात. कषाय पाणी कातड्यातून झिरपत खाली भांड्यात पडते, तेच पुन्हा वर ओतले जाते. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगतात, म्हणजे दुसऱ्या टोकालाही रस पोचतो. बाभूळ माळरानावर मुबलक होती. हिरडा सह्याद्रीच्या जंगलांतून येई. त्यामुळे कमावणाऱ्याला लागणारी द्रव्ये परिसरातच मिळत. पिशवीच्या कडांचा शिवणीने भोके पडलेला भाग मात्र वाया जाई, आणि शिवणीजवळ रस सारखा मुरतोच असे नाही.

म्हणून विकत घेणाऱ्याने पाहावयाची पहिली गोष्ट म्हणजे चामडे आरपार कमावले आहे की नाही. कडेला एक चीर देऊन पाहिले की ते कळते. कापलेला भाग सर्वत्र एकाच तपकिरी रंगाचा असेल तर रस पूर्ण मुरला आहे. मध्ये फिकट पांढरी रेघ दिसली तर आतील थर कच्चा राहिला आहे. असे चामडे भिजले की फुगते, वाळले की लाकडासारखे कडक होऊन तडकते. दुसरी परीक्षा वाकविण्याची. केसांकडची बाजू बाहेर ठेवून दुमडले असता त्यावर तडे जाऊ नयेत. आतल्या बाजूने दुमडले असता मोठ्या सैल सुरकुत्या पडू नयेत. तिसरी हाताने चाचपण्याची व वासाची. कुजका वास येत असेल तर कातडे सोलण्यास किंवा चुन्यात टाकण्यास उशीर झाला, असे समजावे. वजनावर घेताना चामडे नीट वाळलेले आहे ना, हेही पाहावे लागते, कारण ओल्या चामड्यात पाण्याचेही पैसे मोजावे लागतात.

सालीने कमावलेल्या चामड्याचा म्यानाच्या दृष्टीने सर्वांत मोठा गुण म्हणजे ते ओले असता हवा तो आकार घेते व वाळल्यावर तो टिकवून धरते. पात्यावर तेलकट फडके गुंडाळून त्याभोवती ओले चामडे दाबून बसविले, की वाळल्यानंतर म्यान त्या पात्यापुरतेच होऊन जाते. याच चामड्याचा एक दोषही आहे. त्यातील कषाय द्रव्य ओलाव्यात लोखंडाशी संयोग पावून निळसर काळे डाग पाडते, आणि ओल धरलेल्या म्यानात पाते गंजते. पावसाळ्यात सुरी म्यानात ठेवून देणे म्हणूनच धोक्याचे. खंडेनवमीला शस्त्रे म्यानाबाहेर काढून पुसण्या-पुजण्याच्या प्रथेत श्रद्धेबरोबर ही व्यावहारिक गरजही भागत असे, असे म्हणावयास हरकत नाही.

खरेदी आणि गावगाडा

ही पारख कितीही सूक्ष्म असली तरी चामडे बाजारात मोकळेपणाने येत नव्हते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथातून बलुतेदारांच्या हक्क-कर्तव्यांचे जे चित्र उभे राहते, त्यात मेलेले जनावर ओढून नेणे हे महारांचे काम होते आणि कातड्यावरील हक्क या कामाशी निगडित होता. प्रदेशपरत्वे त्यात फरक होता व या हक्कावरून तंटेही होत. तेथून कातडे ढोराकडे, ढोराकडून चांभार व जिनगराकडे, अशी ही साखळी होती. गावातील चांभाराची पहिली बांधिलकी कुळांच्या वहाणा, मोटा, वाद्या व नाडे यांच्याशी असे. विहिरीवर मोट चालली तरच बागायत पिकणार, तेव्हा चांगल्या चामड्यावर शेतीचा पहिला अधिकार. म्यान या रांगेत शेवटी उभे होते.

या साखळीचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. कातडे बहुतांशी मरून पडलेल्या जनावराचे असे. जनावर केव्हा मरेल हे कोणाच्या हाती नाही, आणि मेल्यानंतर कातडे किती वेळाने सोलले जाते यावर त्याचा कस ठरे. म्यान करणाऱ्याला हवे तसे कातडे मागणी देऊन मिळणे दुर्मीळ. जे आले त्यातून निवडणे एवढेच त्याच्या हाती होते. खाटकाकडील कातडे ताजे असल्याने सरस ठरे, पण ते शहरांत व छावण्यांत उपलब्ध होते, सर्व गावांत नव्हे.

कायदा, दुष्काळ आणि निर्यात

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात म्यानाच्या व्यवसायाला दोन्ही बाजूंनी धक्का बसला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश मुलखात परवान्याविना शस्त्र बाळगण्यावर बंधन आले. संस्थानांच्या दरबारी व मानकऱ्यांच्या घरी शस्त्रे राहिली, परंतु सामान्य मागणी आटली. त्याच सुमारास, १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात, दख्खनमधील गुरे मोठ्या संख्येने मेली. १८९६ ते १९०० या काळातील दुष्काळांत तेच पुन्हा घडले. अशा वर्षी कच्ची कातडी अतोनात स्वस्त होत व त्यांची निर्यात वाढे. वरवर पाहता हा खरेदीदाराचा सुकाळ. पण उपासाने मेलेल्या जनावराचे कातडे पातळ, रुक्ष व निःसत्त्व असते, आणि पुढील काही वर्षे गुरेच कमी असल्याने कातड्यांचा तुटवडा पडतो.

रेल्वे व बंदरांमुळे भारतीय कातड्यांना युरोप-अमेरिकेतील गिऱ्हाईक मिळाले. तीर्थंकर रॉय यांनी वसाहतकालीन पारंपरिक उद्योगांवरील आपल्या १९९९ च्या ग्रंथात दाखविले आहे की, या व्यापाराने चामड्याचा धंदा गावातील देवघेवीतून बाहेर काढून शहरांतील व्यापारी व कारखान्यांकडे नेला. दलाल गावोगावी कच्ची कातडी उचलू लागल्यावर स्थानिक कारागिराला त्याच मालासाठी दूरच्या बाजारभावाशी स्पर्धा करावी लागली. १९१९ मध्ये सरकारने कच्च्या कातड्यांवर १५ टक्के निर्यात शुल्क बसविले, मात्र साम्राज्यांतर्गत जाणाऱ्या मालाला त्यात मोठी सूट दिली. त्यामागे भारतीय चर्मोद्योगाच्या हिताबरोबर साम्राज्याच्या हिताचाही विचार होता, हे उघड आहे.

याच काळात क्रोम पद्धती आली. ऑगस्टस शुल्झ यांना १८८४ मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट मिळाले होते. मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिचे प्रयोग केले. महिन्यांचे काम दिवसांवर आले. क्रोम चामडे मऊ, लवचीक, पाण्याला टिकणारे. बुटांच्या वरच्या भागास ते उत्तम. म्यानाला मात्र ते गैरसोयीचे, कारण ते आकार धरून राहत नाही. बाजारात क्रोम चामडे वाढत गेले, तसे सालीने कमावलेले चामडे शोधावे लागू लागले.

हक्क की ओझे

या व्यवसायाच्या ऱ्हासाविषयी लिहिताना पुष्कळदा जुनी साखळी मोडल्याची हळहळ व्यक्त होते. ती साखळी कोणाच्या खांद्यावर होती, हे त्यात विसरले जाते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस व हीन मानली गेलेली कामे सोडण्याचे आवाहन केले. जनावर ओढण्यास नकार देणाऱ्यांना अनेक गावांत बहिष्कार व छळ सोसावा लागला. ज्याला गाव ‘हक्क’ म्हणत होते ते प्रत्यक्षात वेठीचे ओझे होते, हे या छळावरूनच सिद्ध होते. खरा हक्क सोडून देणाऱ्याला कोणी मारीत नाही. पुढे १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने नाहीशी करण्याच्या मुंबई राज्याच्या कायद्याने या व्यवस्थेचा कायदेशीर आधारही गेला. चांगल्या चामड्याचा पुरवठा घटला हे खरे, पण ज्या पुरवठ्याचा पहिला दुवा सक्तीचा होता, त्याच्या घटण्याला निव्वळ हानी म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

म्यानाच्या खरेदीची बाजू त्यानंतर सर्वस्वी बदलली. मोटेची जागा इंजिनांनी व विजेच्या पंपांनी घेतली आणि जाड चामड्याची गावातील मुख्य मागणी संपली. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आल्यावर स्थानिक कातडे आणखी दुर्मीळ झाले व म्हशीच्या कातड्यावरील भिस्त वाढली. लग्नात नवरदेवाच्या हाती दिल्या जाणाऱ्या कट्यारीचे म्यान आज बहुधा मखमलीचे किंवा रेक्झिनचे असते.

म्यान : एक पुरावा

जुनी म्याने वस्तुसंग्रहालयांत व घराण्यांच्या संग्रहांत शिल्लक आहेत, आणि कागदपत्रे जेथे गप्प बसतात तेथे ती बोलू शकतात. भिंगातून पाहिल्यास केसांच्या छिद्रांच्या मांडणीवरून शेळी, गाय व म्हैस यांचे कातडे बहुधा ओळखता येते. म्यानाच्या आतील बाजूने घेतलेल्या सूक्ष्म धाग्यावर लोहक्षाराचा थेंब टाकला असता तो काळा पडला, तर चामडे सालीने किंवा हिरड्याने कमावलेले असल्याचे सूचित होते. याउलट कापलेली कड निळसर करडी असेल आणि तपासणीत क्रोम आढळले, तर पाते सतराव्या शतकातील असले तरी ते चामडे १८८४ च्या आधीचे असणे अशक्यप्राय आहे. मग ‘मूळ म्यानासह’ असे ज्या नोंदींत लिहिलेले असते, त्यांपैकी कितींमध्ये मूळ केवळ लाकूड आहे आणि चामडे नंतरच्या कोणा अनाम कारागिराने चढविलेले आहे, हे एकेक म्यान हातात घेऊनच ठरवावे लागेल.